कण्या, माश्या, टोके

बेट, ११ डिसेंबर १९५५

चि. वासंती,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मागणारं त्यांत काही नव्हतं. अप्पा बरे आहेत, गॅलरीचं छप्पर नवं घातलं, तुम्ही दोघं सुखात आहात. हे वाचून ठेवून द्यायचं असतं. आज मला एक विचारायचं आहे, म्हणून लिहिते.

कोंबडीच्या पिल्लाला काय खायला घालतात?

एडनहून इथे पंधरवड्याला एक लाँच येते. पिण्याचं पाणी, तांदूळ, आटा, डबे, टपाल आणि दीपगृहाच्या साहेबांच्या मेससाठी पिंजऱ्यातून कोंबड्या. गेल्या महिन्यात आलेली एक कोंबडी खुडूक निघाली. एडनपासूनच पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंडी धरून बसली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. मेसचा म्हातारा आचारी सालेम तिला कापून मोकळा झाला आणि मग पेंढा उपसताना त्याला अंड्यातून आवाज ऐकू आला. बाकीची अंडी तशीच राहिली, एकातून हे बाहेर आलं. ते टोपीत घालून तो माझ्या दवाखान्यात घेऊन आला. म्हणाला, "सिस्टर, बच्चे का काम तुम्हारा है." तरुणपणी तो भायखळ्याला एका खानावळीत होता, त्यामुळे घोडपदेवच्या माणसासारखं बोलतो.

इथल्या कोळ्यांच्या बायकांची बाळंतपणं मी करते. चोच असलेलं बाळ पहिलंच.

कापसाच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं आहे, शेजारी कंदील. ऊब पुरते. प्रश्न खाण्याचा आहे. या बेटावर गवत नाही. मेसला कोंबड्या येतात त्या दोन दिवसांत कापल्या जातात, त्यामुळे त्यांच्याबरोबर दाणे कुणी पाठवत नाही. भात घातला तर चोचीला चिकटतो. डब्यातल्या दुधाने हगवण लागली. आट्याच्या गोळ्या दिल्या तर गळ्याची पिशवी फुगून दगडासारखी झाली. तेल लावून बोटाने चोळून उतरवली.

तुमच्या ओळखीत कोकणातलं कुणी असेल, ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या, तर विचारून लिही. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

उर्मिला

गिरगाव, ३ जानेवारी १९५६

ताई,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि मी जिन्यातच बसले. वर्ष होऊन गेलं गं.

अप्पांना वाचून दाखवलं. डाव्या कानाने त्यांना आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं, आणि सगळ्या मजल्याला कळलं की उर्मिलाने परदेशात कोंबडी पाळली आहे. अप्पा म्हणाले, "पाळली की खाल्ली?" मी म्हटलं, पाळली. तर म्हणाले, "मग तिकडे मासळी मिळत असणार."

कोकणातल्या मीराबाई आहेत ना! तुला माहीत नाहीत. तू गेल्यावर मी कामाला लावल्या, लालबागहून येतात, नवरा गिरणीत आहे. त्यांना विचारलं तर हातातलं भांडं खाली ठेवून पदर खोचून बसल्याच. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "पिल्लाक भात घालू नको म्हणान सांग गो बाये, चोचीक चिकटता. कण्यो घालूच्यो. आणि वाळवी गावली तर सोन्याहून पिवळा. वारूळ फोडूचा नि पिल्लाच्या म्होऱ्यात टाकूचा." मी म्हटलं, तिथे वारूळ नसेल. त्या म्हणाल्या, "वारूळ नाय असो गाव असता काय खंय?"

कण्या तिथे मिळत नसतील तर मी पाठवते. मीराबाईंचा दीर जयवंत एडनच्या बोटीवर खलाशी आहे.

आणखी एक. तुझ्यासमोर 'हे' म्हणायला मला अजून लाज वाटते, म्हणून नाव घेते. गुरुदत्त रोज संध्याकाळी सभेला जातात. कधी चौपाटी, कधी कामगार मैदान, कधी शिवाजी पार्क. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, दुसरं बोलणं नाही. घरी येतात ते बसलेला घसा घेऊन. मी कोमट पाण्यात मीठ घालून देते.

आणि मला दिवस गेले आहेत. चौथा चालू आहे. हे सगळ्यात आधी तुला कळवायचं होतं, पण तू उत्तर देत नव्हतीस, म्हणून सगळ्यांनंतर कळवते.

तुझी
वासू

बेट, २२ जानेवारी १९५६

चि. वासंती,

दूध रोज घे. जागरण करू नकोस. पालेभाजी, नाचणी आणि मासळी खा, लोणची कमी. महिन्यातून एकदा डॉक्टरला दाखव, सुईणीवर राहू नकोस. दोघांचंही अभिनंदन.

मीराबाईंना सांग की वारूळ नसलेला गाव असतो. मी तिथेच राहते.

पिल्लू जगलं आहे, पण त्याचे पाय वळले. बोटं आत मुडपून मूठ झाली, ते घोट्यावर बसतं आणि पंख टेकवत सरकतं. इथली पोरं नुसत्या पांढऱ्या भातावर वाढतात तेव्हा त्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे अंदाज आला. दवाखान्यातली यीस्टची गोळी कुटून आट्यात घातली, वर कॉडलिव्हरचा एक थेंब. वास इतका येतो की सालेम आता दारातूनच बोलतो.

डाळीचा भरडा खातं. खजूर चोचीने उडवतं, गिळत नाही. सुकटीची पूड करून दिली, पण इथली सुकट फार खारट, दिवसभर पाणीच पीत बसलं. मग सालेम म्हणाला की इसको कीडा चाहिए. किडे कुठून आणायचे? मासे वाळत घालतात त्या खडकांवर माश्यांचे थवे असतात. मच्छरदाणीचा तुकडा काठीला बांधला आणि दुपारी तिथे जायला लागले. जाळी फिरवायची, तोंड पिळून बंद करायचं, गरम पाण्यात बुडवायची. वाटीभर होतात. दोन खाटांचा दवाखाना, दोन्ही बहुधा रिकाम्या. सरकारी नोकरीत उर्मिला माश्या मारते असं गिरगावात कुणी म्हणालं, तर वाद घालू नकोस.

कोळ्यांच्या बायका पहिल्या दिवशी हसल्या. आता त्यांची मुलं मला जागा दाखवतात.

उर्मिला

गिरगाव, ४ फेब्रुवारी १९५६

ताई,

तुझं पत्र कर्फ्यू उठल्यावर मिळालं. तिकडे बातमी पोचली का? मुंबई वेगळी ठेवणार असं रेडिओवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर माणूस मावेना. मग गोळीबार. आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. अश्रुधूर वर तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. अप्पांचे डोळे असे झाले की काही दिसेना. मी धोतर भिजवून त्यांच्या तोंडावर धरलं, तर ओरडले, "धुतलेलं होतं ते!"

कोपऱ्यावरच्या छापखान्यातला सीताराम, तू त्याच्याकडून कॅलेंडर आणायचीस, तो नुसता जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्याच्या पोटाला लागली. गुरुदत्तनी आणि वरच्या मजल्यावरच्यांनी त्याला फळीवर घालून नेलं. तो परत आला नाही. त्याची बायको समोर राहते. मला खिडकीत उभं राहवत नाही.

लालबाग-परळला आणखी वाईट होतं. मीराबाई आठ दिवस येऊच शकल्या नाहीत. आल्या तेव्हा आधी भांडी घासली, आणि तुझं पत्र वाचून दाखवल्यावर मला विचारलं, "पिल्लाचे पाय सरळ झाले काय?" मी म्हटलं, अजून कळलं नाही. त्यांनी घरून कण्यांची पुरचुंडी आणली होती. मी त्यात नाचणी आणि बाजरी घातली, वर फडकं शिवलं. जयवंतची बोट या आठवड्यात सुटते. एडनच्या लाँचवर कुणाच्या तरी हाती देईन म्हणाला.

ताई, जूनमध्ये तू ये. एवढंच मागते. इथे बाई माणूस म्हणून कोणी नाही. मला भीती वाटते आणि ती कुणाला सांगता येत नाही, कारण लोकांकडे सध्या त्याहून मोठ्या गोष्टी आहेत. तू बाळंतपणं करतेस. माझं एक कर.

वासू

बेट, ६ मार्च १९५६

चि. वासंती,

सीतारामचं वाचलं. त्याच्या बायकोला माझ्याकडून काही सांगू नकोस, सांगण्यासारखं मला सुचलेलं नाही.

पुरचुंडी मिळाली. जयवंतने ती एडनच्या बंदरावर दिली आणि तिथे ती बरेच दिवस कुठल्याशा गोदामात पडली असावी. उघडली तर सगळं धान्य चालत होतं. कण्यांत टोके, बाजरीत अळ्या, नाचणीला जाळी. मी फेकायला निघाले होते. दारात थोडं सांडलं आणि पिल्लू सरकत आलं. त्याने कणी उचलली नाही. टोका उचलला. मग दुसरा. नंतर बराच वेळ त्याने मान वर केली नाही. शेवटी उरलेलं सगळं फडक्यावर पसरून त्याच्यापुढे ठेवलं. मीराबाईंना कळव की वारूळ टपालाने पोचलं.

पायांत फरक आहे. डावा पूर्ण उघडला. उजव्याचं एक बोट वाकडं राहील. पण उभं राहतं, चालतं, काल खोक्याच्या काठावर चढलं.

जूनचं. मला येता येणार नाही. बदली नर्स दिल्याशिवाय रजा देत नाहीत, आणि बदली नर्स या बेटावर यायला कुणी तयार नसते. शिवाय हे पिल्लू आत्ता कुठे पायांवर आलं आहे. ते दुसऱ्या कुणाच्या हातून माश्या खात नाही. त्याला टाकून येणं बरोबर होणार नाही.

गिरगावात चांगली प्रसूतिगृहं आहेत. आधी नाव घालून ठेव.

उर्मिला

गिरगाव, २५ एप्रिल १९५६

ताई,

कोंबडीचं कारण दिलंस. महिनाभर मी हे पत्र लिहायला घेते आणि फाडते. आज फाडणार नाही.

गुरुदत्त तुरुंगात आहेत. सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिलं, हार घालून घेतला, गाडीत चढले. जाताना मला म्हणाले, "तू समजून घेशील." ठाण्याला ठेवलं आहे. पुन्हा भाग घेणार नाही असं लिहून दिलं तर सोडतील, असं कोणी म्हणतं. मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, देता का लिहून? तर म्हणाले, "सीतारामला फळीवरून नेलं ते मी नेलं, वासंती."

तू तिकडे, ते तिकडे, आणि मी अप्पांच्या उजव्या कानाशी ओरडत इथे.

आता ते बोलतेच. मला पहिल्यापासून ठाऊक होतं की रविवारी गुरुदत्त यायचे ते तुझ्यासाठी. सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. मग त्यांनी मला मागणी घातली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "चांगलं स्थळ आहे, घे." माझी वेणी तू घातलीस. शालू तू निवडलास. मांडवात सगळ्यांना वाढलंस. आणि मग एक दिवस ट्रंक भरून बोटीत बसलीस. तू एकदा नको म्हणाली असतीस तर मी नाही म्हटलं असतं, ताई. खरंच म्हटलं असतं. तू म्हणाली नाहीस आणि आता मला शिक्षा करतेस. मला वाढवलंस तू. मला दुसरी आई माहीतच नाही. आणि माझ्या वेळेला तू एका पिल्लाच्या माश्या पकडणार.

जास्त लिहवत नाही. डोकं चार दिवस ठणकतं आहे आणि अक्षरांपुढे सारखे काजवे चमकतात, रडल्यामुळे असेल. सभेत फार वेळ उभी राहिले होते त्याने पावलं सुजली ती उतरतच नाहीत, चपला चढत नाहीत. अंगठी साबण लावून काढावी लागली. मीराबाई म्हणतात पहिलटकरणीला सूज येतेच.

पिल्लाला सुखी ठेव.

वासंती

बेट, १२ मे १९५६

चि. वासंती,

तुझं पत्र आज सकाळी लाँचने आलं. शेवटचा परिच्छेद वाचून मी दीपगृहावर गेले. तिथे बिनतारी यंत्रावर मंगळूरचे मिस्टर पिंटो असतात. खाजगी तार पाठवायची परवानगी नसते. मी त्यांना म्हटलं, खाजगी नाही, रुग्णाची आहे. त्यांनी विचारलं, तुमच्या दवाखान्यातली? मी हो म्हटलं. तार अप्पांच्या नावाने गेली आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा ती जुनी झालेली असेल, आणि जे व्हायचं ते झालेलं असेल. तरी लिहिते, कारण लाँच संध्याकाळपर्यंत थांबली आहे आणि मला दुसरं काही करता येत नाही.

सूज, डोकेदुखी, काजवे. हे रडण्याने होत नाही. रक्तदाब चढतो तेव्हा होतं. पुढे आकडी येते.

आई तापाने गेली असं तुला सांगत आले. अप्पांचं तसं ठरलं होतं आणि मी ते पाळलं, कारण ज्या मुलीच्या जन्मात ते झालं तिला ते सांगून काय मिळणार होतं? ताप नव्हता. तिची पावलंही अशीच सुजली होती. डोळ्यांपुढे काजवे येतात असं तिने मला सांगितलं होतं. मी अकरा वर्षांची होते, मला वाटलं ती गंमत करते. तू झालीस आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. मी नर्स झाले ती सेवाभावाने नव्हे.

गुरुदत्तचं. तू विचारलंस म्हणून एकदा लिहिते. त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं, कबूलही केलं नव्हतं. तो चार वर्षं रविवारी येत होता आणि मी चहा करत होते. मजल्याने त्यावर काय बांधलं ते मजल्याचं. मीही काही बांधलं होतं, ते माझं. त्याच्या मनात तू आलीस यात गुन्हा कोणाचाच नाही. तुला मी नको म्हटलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला माहीत होतं. म्हणूनच म्हटलं नाही. माझ्यासाठी तू सोडलेल्या माणसाला मी घरात ठेवून काय केलं असतं?

तुला शिक्षा केली नाही. भिंतीपलीकडून तुम्हा दोघांचं हसणं ऐकू यायचं. चांगलं असायचं. मला ते रोज ऐकायचं नव्हतं, एवढंच. कोंबड्याचं कारण खोटं नव्हतं. अपुरं होतं.

होय, कोंबडा. महिन्यापूर्वी तुरा लाल झाला आणि एका सकाळी खोक्यावर उभा राहून आरवायला गेला, तर गळ्यातून डबा घासल्यासारखा आवाज आला. आता नीट येतो. साहेबांनी तक्रार केली आहे.

रजेचा अर्ज दिला आहे, पण रजा मिळणार नाही हे साहेबांनाही ठाऊक आहे आणि मलाही, म्हणून सोबत राजीनामाही दिला आहे. नवी नर्स जूनच्या पहिल्या लाँचने येईल म्हणतात. त्याआधी मला लाँचवर चढू देणार नाहीत, आणि दुसरी वाट नाही. मी किनाऱ्यावर जाऊन विचारून आले. कोळी म्हणाले, या दिवसांत पडाव काढत नाहीत.

लाँचचा भोंगा झाला.

ताई

गिरगाव, २७ मे १९५६

ताई,

मी आहे. मुलगी आहे.

निजून लिहिते आहे, अक्षर माफ कर. तुझी इंग्रजी तार रविवारी आली. तार म्हटल्यावर अप्पांना वाटलं तू गेलीस. ते पाकीट न फोडताच खुर्चीत बसले आणि हात जोडले. मी फोडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचली, परत वाचली, आणि ताई, मी त्यांना इतक्या जोरात उठताना कधी पाहिलं नाही. टोपी न घालता रस्त्यावर गेले. आपले अप्पा, टोपीशिवाय!

व्हिक्टोरिया मिळाली, पण ठाकूरद्वारच्या नाक्यावर मोर्चा. पुढे जायला जागाच नाही. गाडीवाला म्हणाला, इथेच उतरा. मला तेव्हा समोरचं अर्धंच दिसत होतं. अप्पा गाडीत उभे राहिले आणि ओरडले, "गुरुदत्तची बायको आहे! ठाण्याच्या तुरुंगात आहे तो! वाट द्या!" मला वाटलं कुणाला ऐकू जाणार. पण घोषणा थांबल्या. पुढच्याने मागच्याला सांगितलं, आणि तेवढा मोर्चा दोन बाजूंना झाला. मीराबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "डोळे मिट, बाये, बघू नको." म्हणून मी पाहिलं नाही. नुसती शांतता ऐकली आणि घोड्याच्या टापा.

इस्पितळात गेल्यावर मला आकडी आली. त्यातलं मला काही आठवत नाही. डॉक्टरीण नंतर म्हणाली की आकडी घरी आली असती तर तिने काही केलं नसतं, करताच आलं नसतं. त्या रात्रीच त्यांनी मुलगी काढली. इतकी लहान आहे की मीराबाई तिला कापसात गुंडाळून ठेवतात. पण रडते जोरात. दूध चमच्याने घेते. माझी सूज उतरली.

आईचं तुझ्या पत्रात वाचलं ते परवा. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "उर्मिलाने सांगितलं ना? मग झालं." आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी रागावले नाही. आधी कळलं असतं तर मी नऊ महिने भीतीनेच मेले असते. पण आता तू एकटीने ते धरून ठेवू नकोस.

गुरुदत्तना तुरुंगात कळवलं. त्यांनी लिहून काही दिलं नाही. पुढच्या महिन्यात सुटतील. मी अजून रागावलेली आहे आणि मला त्यांचा अभिमानही वाटतो. दोन्ही एकदम कसं ठेवायचं ते तू सांग, तुला सवय आहे.

बारसं तू येईपर्यंत थांबवलं आहे. आणि एक मागायचं आहे, रागावू नकोस. नाव आत्या ठेवते. गुरुदत्तना सख्खी काय, चुलत बहीणही नाही. शेजारच्या राजलक्ष्मीकाकू म्हणाल्या, मानलेली चालते, उर्मिलाच बसू दे आत्या म्हणून. मला ते पटलं. सगळंच नीट होऊन जाईल असं वाटलं. बसशील?

वासू

एडन, ९ जून १९५६

चि. वासू,

बोट परवा सुटते. हे पत्र टपालाच्या बोटीने माझ्याआधी पोचेल, म्हणून लिहिते. काही गोष्टी समोर बोलण्यापेक्षा आधी वाचलेल्या बऱ्या.

मुलीला कापसात ठेवणं बरोबर आहे. चमचा उकळत्या पाण्यातून काढायचा. पाहुण्यांना तिच्याजवळ येऊ देऊ नकोस, राजलक्ष्मीकाकूंना तर मुळीच नाही. तुझा रक्तदाब आठवड्याला मोजून घे. डॉक्टरणीने सोडलं तरी घे.

मी अप्पांच्या बाहेरच्या खोलीत झोपेन. गुरुदत्त सुटून आला की परळच्या इस्पितळात अर्ज करेन, तिथे नर्सना राहायला खोली मिळते. रविवारी येत जाईन. हसायचं असेल तेवढं हसा, रविवारपुरतं मला चालेल.

तू विचारलंस, राग आणि अभिमान एकदम कसे ठेवायचे. मला जमलेलं नाही. मी समुद्र मध्ये घातला होता.

कोंबड्याचं काय केलं ते अप्पा विचारतील. नवी नर्स पाखरांना भिते. साहेब त्याच्यावर टपलेलेच होते. म्हणून सालेमला दिला. त्याला म्हटलं, कापू नकोस. म्हातारा म्हणाला, "सिस्टर, तुमसे झूठ नहीं बोलेगा. ईद तक रखेगा. फिर आचारी आदमी है." मी चालेल म्हटलं. त्याने खोटं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं का, याचा लाँचमध्ये विचार केला. नसतं वाटलं. निघताना कोंबडा मेसच्या मागे उकरत होता. मी हाक मारली नाही, त्यानेही मान वर केली नाही. खाण्यात होता.

आता तुझं शेवटचं. ते मी दोनदा वाचलं.

आत्या म्हणून मी बसणार नाही. गुरुदत्तची बहीण व्हायला मला कुणीही सांगू नये, तू तर नाहीच. तुझा हेतू चांगला आहे हे मला कळतं. तरीही नाही. जे होतं ते कुणाला दिसलं नसेल, पण होतं, आणि पाळण्याशी बसून ते नव्हतं असं मी म्हणणार नाही. राजलक्ष्मीकाकूंना सांग की शास्त्र अडत असेल तर मुलगी बिननावाची राहील, तिचं काही बिघडत नाही.

मी तिची मावशी आहे. नाव मावशी ठेवेल. नाव ठरवलं आहे. ते पत्रात लिहीत नाही. आधी तिच्या कानात सांगेन, मग तुम्हाला कळेल.

ताई